‘इकी’: २४ पानी ऑफिस-रोमान्स मंगाच्या कामाच्या नोंदी

गोष्ट टोकियोतली, १९९४च्या शरद ऋतूतली. एका मंगा (जपानी चित्रकथा) साप्ताहिकाच्या कचेरीत एक संपादिका आणि एक संपादक, दोघांच्या हाताशी एकेक नवा चित्रकार, आणि अंकात जागा एकच. काम मराठीत, काळ्या-पांढऱ्यात, ए५ आकारात. कुणी असंच काही करायला बसलं तर त्याचे निदान काही आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी.

४ जानेवारी

वर्ष आधी ठरवलं. १९९४ घेतलं कारण तेव्हा हे साप्ताहिकांचं जग ऐन भरात होतं. त्या डिसेंबरअखेरीस एकट्या ‘शोनेन जंप’चा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. दुसरं कारण जास्त कामाचं: तेव्हा सगळं कागदावर चालायचं. प्रूफ, लाल पेन, फॅक्स, टेबलावरचे ढीग. आज हीच गोष्ट सांगायची तर दोघं स्क्रीनसमोर बसलेले दाखवावे लागतील, आणि स्क्रीनकडे बघणारा माणूस २४ पानं काढत बसणं ही शिक्षा आहे.

स्पर्धा कशावरून, हेही आजच पक्कं केलं. मालिकांच्या बैठकीत, म्हणजे ‘रेन्साइ काइगी’त, मुख्य संपादक आणि वरिष्ठ मंडळी नव्या कामांचे ‘नेमु’ वाचतात. नेमु म्हणजे पेन्सिलीतला कच्चा आराखडा: चौकटी, संवाद, कोण कुठे उभं. नवी मालिका घ्यायची तर चालू असलेली एखादी बंद करावी लागते, आणि ती कुठली हे ठरवताना वाचकांच्या पोस्टकार्डांवरची पसंती बघितली जाते. म्हणजे संपादिकेचा चित्रकार आत आला की संपादकाचा बाहेर. नुसते टोमणे मारणारे दोघं दाखवले असते तर ही धार आली नसती.

१३ जानेवारी

पहिला नेमु पूर्ण झाला आणि रद्दही. नऊ दिवस गेले.

चूक एकच, पण पानोपानी. लिफ्टमध्ये अडकणं, छत्री एकच असणं, कॉफीचा कप सांडणं. यातलं काहीही बँकेत किंवा विमा कंपनीतही घडलं असतं. ही माणसं संपादक आहेत हे फक्त दारावरच्या पाटीवरून कळत होतं.

दुसऱ्या नेमुसाठी नियम केला: दोघांमधलं जे काही आहे ते कामाच्या वस्तूतूनच दिसलं पाहिजे. तीन गोष्टी हाताशी लागल्या.

पहिली, पेन्सिल आणि लाल पेन. जपानी प्रूफवर तपासनीस शंका पेन्सिलीनं लिहितो. त्यावरचा निर्णय लाल शाईत होतो. म्हणजे पेन्सिल विचारते, लाल सांगते. दोघांच्या स्वभावाला हे इतकं चपखल बसलं की पान ३ ते ८ आपोआप मांडली गेली.

दुसरी, ‘आओरी’. मालिकेच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या कडेला वाचकाला खेचणारी एक ओळ असते. ती चित्रकाराची नसते, संपादकाची असते. अख्ख्या अंकात संपादकाला स्वतःच्या आवाजात बोलायला एवढीच जागा.

तिसरी, दुरुस्तीच्या खुणा. ‘तोरुत्सुमे’ म्हणजे काढा आणि जागा सांधा. केलेली दुरुस्तीच मागे घ्यायची असेल तर बाजूला ‘इकी’ लिहितात: मूळ मजकूर जिवंत ठेवा.

शेवट इथेच मिळाला. संपादकाच्या चित्रकाराची मालिका बंद होते. शेवटच्या भागाची आओरी तो लिहितो आणि स्वतःच खोडतो. अंतिम प्रूफ त्या रात्री संपादिकेच्या हातात आहे. खोडलेल्या ओळीशेजारी ती दोन अक्षरं लिहिते.

२१ जानेवारी

वाचनाची दिशा. नेमु सवयीनं उजवीकडून डावीकडे काढला गेला होता. मराठी वाचक डावीकडून वाचणार, म्हणून पेन्सिलची सगळी पानं संगणकात सरळ आरशासारखी उलटवली. दहा मिनिटांत काम झालं असं वाटलं. मग एकेक दिसायला लागलं: सगळे डावखुरे, सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर, दुकानांच्या पाट्या उलट्या, आणि प्रूफवरचे उभे स्तंभ डावीकडून सुरू होणारे. गोष्टच प्रूफची असताना हे शेवटचं चालणार नव्हतं.

मग उलट टोक गाठलं: चौकटींचा क्रम तेवढा बदलायचा, आतलं चित्र जसंच्या तसं. तेही फसलं. आधी बोलणारा उजवीकडे उभा, त्यामुळे त्याचा संवादाचा फुगा डावीकडे आणला की शेपट्यांची कात्री व्हायची.

शेवटी चौकटीगणिक ठरवलं. एकूण ११८ चौकटी. दोन माणसं बोलताहेत आणि मागे लिखाण नाही, त्या उलटवल्या. लिखाण, हात, प्रूफ, रस्ता आहे, त्या नव्यानं काढल्या. नव्या काढाव्या लागल्या ३१, वेळ गेला पाच दिवस. नेमु पहिल्यापासून डावीकडून काढला असता तर हे पाचही वाचले असते.

एक गोष्ट मात्र मुद्दाम जपानी ठेवली: गोष्टीतल्या पात्रांच्या हातातली मंगाची पानं उजवीकडून वाचली जातात. पानातल्या पानाची दिशा वेगळी. गोंधळ टाळायला त्या आतल्या पानांवर फुग्यांत मजकूर ठेवलाच नाही, नुसत्या उभ्या रेघा.

२९ जानेवारी

काळाच्या चुका. पार्श्वभूमीसाठी जमवलेले फोटो आजचे, गोष्ट १९९४ची.

पान ५ वर जिम्बोचो स्टेशन. जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा आणि प्रकाशकांचा हा भाग, तेव्हा स्टेशन हवंच. काढलेल्या फलकावर टोकियो मेट्रोचं चिन्ह होतं, पण ती कंपनी १ एप्रिल २००४ पासूनची. १९९४ मध्ये तिच्या आधीची ‘एइदान’ ही संस्था होती आणि तिचं चिन्ह इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचं. स्टेशनचा क्रमांकही खोडला, कारण क्रमांक २००४ मध्येच आले. मागच्या नकाशात हानझोमोन मार्ग ओशिआगेपर्यंत गेलेला. तो टप्पा २००३ चा. तिथे सुइतेंगूमाए हे शेवटचं स्टेशन केलं.

टेबलावर मोबाइल होता. हँडसेट विकत घ्यायची मुभाच तिथे एप्रिल १९९४ मध्ये मिळाली, त्याआधी भाड्यानं घ्यावा लागायचा. सामान्य संपादकाच्या टेबलावर तो उठून दिसला असता. पेजर काढला. त्यानं गोष्टीलाही मदत झाली: पेजर वाजतो, पण उत्तर द्यायला उठून फोनपाशी जावं लागतं. पान १० वरची ती पळापळ त्यातूनच आली.

५ फेब्रुवारी

कागद. व्यावसायिक मंगा जपानी बी४ कागदावर काढतात: कागद २५७ × ३६४ मिमी, कापायची रेघ २२० × ३१०, आतली चौकट १८० × २७०. तेच माप घेऊन चार पानांची शाई झाली, आणि मग लक्षात आलं की स्कॅनर ए४ आहे. २२० × ३१० त्यावर मावत नाही. दोन भागांत स्कॅन करून जोडलं तर सांध्यावर रेघ अर्ध्या मिलिमीटरनं सरकते, आणि सरळ भिंतींवर ते लगेच दिसतं.

हौशी अंकांचं माप घेतलं: ए४ कागद, आतली चौकट १५० × २२०, कापल्यावर बी५. अख्खं पान एका स्कॅनमध्ये येतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ४९६० × ७०१६ पिक्सेल.

त्या चार पानांचं आणखी एक दुखणं होतं. चित्रकलेच्या दुकानातल्या साध्या कार्ट्रिज कागदावर शाई मुळांसारखी पसरत होती. जपानमधला तयार मंगा कागद साधारण १२८ किंवा १५७ जीएसएमचा असतो. त्याच्या जवळ जाणारा १६० जीएसएमचा गुळगुळीत कार्डपेपर घेतला. घ्यायच्या आधी दुकानातच कोपऱ्यावर टाकानं एक रेघ ओढून बघावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण ३६० रुपयांचा कागद वाया जाण्यापेक्षा ते परवडलं.

१४ फेब्रुवारी

शाई, पानं १ ते ९. बाह्यरेषेला जी-पेन (दाबाप्रमाणे जाड-बारीक रेघ देणारी निब), केसांना आणि मागच्या कपाटांना मारु-पेन (बारीक रेघेची निब). नव्या निबला तेलाचा थर असतो, त्यावरून शाई थेंब होऊन घसरते. निब एक-दोन सेकंद ज्योतीतून फिरवून फडक्यानं पुसली की काम होतं. जास्त वेळ धरली तर पोलादाची लवचीकता जाते. दोन निबा अशाच गेल्या.

२२ फेब्रुवारी

लाल रंग काळ्या-पांढऱ्यात कसा दाखवायचा?

सगळी गोष्ट लाल शाईवर उभी, आणि छपाई एकरंगी. पहिल्या प्रयत्नात छापील मजकूर काळा आणि दुरुस्तीही काळी. पान २२ वर खोडलेली ओळ कुठली आणि खोडणारी रेघ कुठली, काही कळेना. नुसता काळा गोळा.

त्या एका पानाला खरा लाल द्यावा असा विचार झाला. हिशोब केला तर प्रतीमागे ९ रुपये वाढत होते, म्हणजे परवडत होतं. तरी नको ठरवलं. २१ पानं काळी आणि मग लाल आलं की वाचक ओळ वाचायच्या आधीच सावध होतो.

मग तीन पोत ठरवले आणि पान ३ पासून तेच ठेवले. छापील मजकूर: पूर्ण काळा, कडा धारदार. लाल पेन: १.२ मिमी जाड, किंचित हलती रेघ, आत ३० टक्के टोन (बारीक ठिपक्यांनी केलेली राखाडी छटा). पेन्सिल: तुटक, कोरडी, कागदाचा दाणा दिसेल अशी. पान ६ पर्यंत डोळ्याला सवय होते आणि ३० टक्के राखाडी म्हणजे लाल हे सांगावं लागत नाही.

२६ फेब्रुवारी

टोनची जाळी. नमुना पान छापल्यावर सदऱ्यांवर चौकडीसारखे पट्टे उठले.

कारण साधं गणित. ६०० डीपीआयला इंचाला ६० रेघांचा (ठिपक्यांच्या ओळींचा) टोन म्हणजे एका ठिपक्याच्या घराला बरोबर १० पिक्सेल. बी५ वरून ए५ करताना पान सुमारे ८१ टक्के होतं, घर ८.१ पिक्सेलचं होतं, आणि ०.१ पिक्सेल छापता येत नाही. काही घरं ८ची, काही ९ची, त्यातून पट्टे.

आता टोन शेवटपर्यंत साध्या राखाडी थरात ठेवायचा, आधी पान अंतिम मापाला आणायचं, आणि ठिपके अगदी शेवटी पाडायचे. ज्या ११ पानांवर टोन रेषेच्या थरात मिसळून टाकला होता ती पुन्हा करावी लागली. तीन संध्याकाळी.

४ मार्च

फुगे. इतक्या उशिरा कळलेली ही सगळ्यात महाग चूक.

जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून फुगे उंच आणि अरुंद. डोळ्याला तेच वळण लागलेलं, त्यामुळे फुगेही तसेच काढले गेले: १८ मिमी रुंद, ३५ मिमी उंच. त्यात ‘संपादकमंडळाच्या’ हा एक शब्द ९ पॉइंटला मावत नाही. तोडावा तर शिरोरेषा तुटते आणि शब्द अपघातात सापडल्यासारखा दिसतो. अक्षर ७ पॉइंट केलं तर रफार आणि अनुस्वार एक होतात.

११८ चौकटींतले ६४ फुगे नव्यानं काढले. पुढे फुग्यामागे निघालेली जागा भरायची, म्हणजे नायिकेचा खांदा, खुर्चीची पाठ, खिडकीचा कोपरा. आठ दिवस लागले. ठरलेलं प्रमाण: रुंदी उंचीच्या दीडपट, एका फुग्यात जास्तीत जास्त तीन ओळी, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १३५ टक्के. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

संवाद नेमुच्या वेळीच खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या मापात बसवून बघायला हवे होते. यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

फॉन्ट: संवादाला ‘मुक्त’, आवाजांना ‘बलू’. दोन्ही ‘एक टाइप’ या संस्थेचे, खुल्या परवान्याचे.

८ मार्च

‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं. २३ ठिकाणी.

संहिता मोबाइलवरून पाठवताना ‘र्‍या’मधला अदृश्य जोडचिन्हाचा भाग गळून गेला. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं की ही गळती होत नाही. संपूर्ण संहितेत शोधून बदललं: ‘दुसऱ्या’, ‘कचेरीतल्या साऱ्यांना’, ‘तऱ्हा’, ‘खिडकीतून येणाऱ्या’. शोध-बदल यंत्रावर सोडू नये. ‘कार्यालय’मधला र्य रफाराचाच आहे, तो बदलला तर ‘काऱ्यालय’ होतं. दोन ठिकाणी झालंही.

मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडायला आणि भाषा ‘मराठी’ करायला विसरू नये. पहिलं विसरलं तर जोडाक्षरं फुटतात, दुसरं विसरलं तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात.

१२ मार्च

तू की तुम्ही. तांत्रिक काहीच नाही, पण सगळ्यात जास्त वाद यावर झाला.

जपानीत दोघं एकमेकांना आडनाव आणि ‘सान’ लावून, आदरार्थी क्रियापदांत बोलणार. मराठीत त्याचं ‘तुम्ही’ होतं, इथपर्यंत ठीक. पहिल्या मसुद्यात पान ९ वरच्या भांडणात नायकाच्या तोंडी ‘तू’ गेलं होतं. वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्यानं सरळ विचारलं, “म्हणजे यांचं आधीपासूनच आहे का?” मराठी कान ‘तू’ ऐकला की नातं गृहीत धरतो, मग ते रागानं म्हटलेलं का असेना. काढलं. त्याच पानावरचं “अहो, ऐका तरी” हेही काढलं. रोमान्सच्या गोष्टीत बाईच्या तोंडी ‘अहो’ आलं की लग्न लागून गेलेलं असतं.

मग ठरलं की ‘तू’ राखून ठेवायचं आणि शेवटच्या आओरीत एकदाच सोडायचं. ओळ होती: “पुढची पानं कोरी आहेत. थांबशील?”

ती ओळ चार दिवस पानावर राहिली आणि चारही दिवस खोटी वाटली. आओरी लाखो वाचकांसाठी छापली जाते. कुठला संपादक वाचकांना ‘थांबशील’ म्हणेल? ते छापलं गेलं तर कचेरीत त्याच दिवशी बोभाटा. ओळीला लपायला जागाच नाही.

उत्तर पहिल्या पानापासून समोर होतं. मराठीत ‘तुम्ही’ अनेकांनाही म्हणतात आणि मान देऊन एकीलाही. आता ओळ अशी:

“इथून पुढची पानं कोरी आहेत. तरी थांबाल ना?”

वाचकांनी वाचली तर ती मालिकेचा निरोप आहे. तिनं वाचली तर तिला विचारलेला प्रश्न आहे. तो ती खोडतो, कारण तिला कळेल. ती ‘इकी’ लिहिते, म्हणजे कळलं. अख्ख्या मंगात ‘तू’ आता एकदाही येत नाही.

१५ मार्च

पान २२ ची अंतिम मांडणी. अख्खं पान एकच चौकट: प्रूफचा डावा कोपरा, मोठा करून. आतल्या पानाची दिशा उजवीकडून, म्हणून गोष्ट डाव्या कडेला संपते आणि आओरी तिथेच. चित्र म्हणून नुसत्या रेघा. ओळ काळी, तिच्यावरून राखाडी टोनची आडवी रेघ, रेघेच्या टोकाशी शाईचा छोटा थेंब, म्हणजे खोडताना पेन तिथे थांबलं होतं. बाजूला काताकाना या जपानी लिपीतली दोन अक्षरं, तशाच राखाडी टोनमध्ये, पण रेघ पातळ. हात वेगळा आहे हे जाडीवरून कळावं. माणूस, चेहरा, हात, काही नाही.

आधी इथे चुकून ‘मामा’ लिहिलं होतं. ती खूण वेगळी: मजकूर विचित्र दिसला तरी आहे तसा ठेवा. केलेली दुरुस्ती मागे घ्यायची तर ‘इकी’च. शिवाय चौकटीखाली टीप म्हणून ‘मामा’ छापलं असतं तर मराठी वाचकानं काय वाचलं असतं ते सांगायला नको. चाचणी वाचनात एकजण हसायचा थांबेना.

‘इकी’चा अर्थ पान २२ वर दिलेला नाही. तो पान ७ वर एका फुटकळ प्रसंगात, स्वल्पविरामाच्या भांडणात येऊन जातो.

१७ मार्च

आवाज. धडधडीला ‘धडधड’, फॅक्सला ‘किर्रर्र’, लाल पेनाला ‘सर्रकन’. जपानीत शांततेलाही लिहायचा आवाज आहे, ‘शीऽन’. मराठीत ‘शुकशुकाट’ मोठ्या अक्षरात लिहून पाहिलं. भुताची गोष्ट झाली. पुसलं. भिंतीवरच्या घड्याळाची ‘टिक टिक’ बारीक अक्षरात ठेवली.

२१ मार्च

पान उलटण्याचा हिशोब. महत्त्वाच्या चौकटी पान १४ आणि २२ वर, दोन्ही सम, म्हणजे डावीकडची, उलटल्यावर दिसणारी. पुढे एक शीर्षकपान घातलं आणि सगळं एका पानानं सरकलं: २२ उजवीकडे गेलं, २१ वाचताना डोळ्याच्या कडेत दिसायला लागलं. आणखी एक पान घालून गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू केली. पुढची २, गोष्टीची २४, मागची २, एकूण २८. मध्ये पिन मारायच्या अंकाला पानं चारच्या पटीत लागतात, तेही बसलं.

सात कागद एकात एक घातल्यावर आतल्या पानांची बाहेरची कड पाऊण मिलिमीटर जास्त कापली जाते. तिथले पानक्रमांक आत सरकवले.

२९ मार्च

नमुना प्रत. १० टक्के टोन गायब, आणि काळ्या रेषांच्या कडा धूसर. पहिल्याला टोन १५ टक्के केला. दुसऱ्याचं कारण फाइल: पानं राखाडी चित्र म्हणून गेली होती, आणि छपाईवाल्याच्या मशीननं काळा चार रंगांतून बनवला. चित्र एक-बिटी (फक्त काळं किंवा पांढरं, राखाडी नाही) आणि मजकूर फक्त काळ्या शाईत, अशी फाइल पुन्हा दिली. तिसरा नमुना स्वच्छ.

६ एप्रिल

१०० प्रती हातात.

खर्च: निबा ९५०, शाई २८०, कागद ४८०, वाया गेलेला कागद ३६०, तीन नमुने ३३०, छपाई ६२००. एकूण ८६०० रुपये. वेळेचा मोठा भाग पुन्हा काढण्यात गेला: पहिला नेमु नऊ दिवस, उलटवलेल्या चौकटी पाच, फुगे आठ, टोन तीन संध्याकाळी.

छापल्यावर सापडलेलं: पान ११, चौकट ३. नायिका चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हातानं लिहिते आहे, आणि पुढच्याच चौकटीत नेमकं उलट. उलटवलेल्या चौकटींतून निसटलेली एक. दुरुस्त करायचं तर अख्ख्या पानाची शाई पुन्हा. मूळ पानाच्या समासात पेन्सिलीनं ‘मामा’ लिहून फाइल बंद केली.